मुख्यालय सोडू नये

२० जून १९८२, रविवार

ही डायरी गेल्या सालची आहे. खताच्या दुकानदारानं दिली होती, तशीच कोरी पडून होती. वार एकेकानं पुढं सरकवून लिहितो.

निलंबनाचा हुकूम हातात पडून आज सहा दिवस झाले. अकरा वर्षं ग्रामसेवकाची चाकरी केली, त्यात सलग इतके दिवस घरी बसल्याचं आठवत नाही. हुकुमात शेवटी एक ओळ आहे: 'निलंबन काळात श्री. लिंबाजी मारोती सोनकांबळे यांनी पूर्वपरवानगीशिवाय औसा हे मुख्यालय सोडू नये.' बाकीचा हुकूम एकदाच वाचला. ही ओळ रोज वाचतो. बिलोलीहून आईचं कार्ड आलंय, 'गुडघे लई धरलेत, दोन दिस येऊन जा.' लेकही तिच्याकडंच शाळेला आहे. कसा जाणार?

संध्याकाळी भुजंग येऊन गेला. पंचायत समितीत लिपिक आहे, औशात मला दोस्त म्हणावा असा तो एकटाच. म्हणाला, "आराम कर की रे. सरकारच बस म्हणलालंय तर बस."

बसलोच आहे. मी न् बायको चांगुणा, दोघांना ही एक खोली. एक दार, एक खिडकी. खिडकीतून समोरच्याची शेळी दिसते. तीही बांधलेली.

२६ जून, शनिवार

मृग कोरडा गेला. आर्द्राही तशीच चाललीय.

सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसलो. चांगुणा म्हणाली, "कुठं जायचंय का?" म्हटलं, नाही.  पदर खोचून, घागर घेऊन नळाच्या रांगेत गेली ती तीन तासांनी आली. मी त्याच खुर्चीत होतो.

१ जुलै, गुरुवार

विहिरीचं प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे चौकशीत उपयोगी पडेल.

मे महिन्यात परिपत्रक आलं. टंचाईमुळे बायका विहिरीत खोल उतरतात, म्हणून प्रत्येक सार्वजनिक विहीर समक्ष पाहून पायऱ्या, कठडा व पाणी यांबद्दल दाखला द्यावा. माझ्याकडे पाच गावं, नऊ विहिरी. मुदत तीन दिवस. ऊन असं की सायकलचं हँडल हातात धरवत नव्हतं. दाखले मुदतीत पाठवण्यात आले. २७ मे रोजी उंबरवाडीच्या विहिरीची एक पायरी निसटून एक बाई पडली. पायाला दुखापत झाली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि निलंबन झालं.

पायरी मी बसवलेली नाही. पाऊस मी अडवलेला नाही. सगळेच ग्रामसेवक असेच दाखले देतात. मग मीच का?

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

६ जुलै, मंगळवार

आषाढी पौर्णिमा. आपल्या भीमनगरच्या विहारात यंदा एक भंते वर्षावासाला आलेत. पावसाचे तीन महिने एकाच जागी राहायचं, कुठं जायचं नाही. चांगुणा ओढूनच घेऊन गेली. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं ओटा. लोक मुंग्यांसारखे जमलेले. सगळ्यांना माझी गोष्ट माहीत. कुणी विचारलं नाही, तेच टोचलं.

भंते पन्नाशीचे असतील. आधी एस. टी.त वाहक होते म्हणे, देगलूर गाडीवर. त्यांनी सांगितलं, पूर्वी भिक्खू पावसातही हिंडत, तेव्हा कोवळी पिकं न् किडामुंगी पायाखाली यायची. म्हणून थांबायचा नियम झाला. मागून एक म्हातारा म्हणाला, "यंदा पीकच न्हाई, भंतेजी. काय तुडवणार?"

लोक हसले. भंतेही हसले. म्हणाले, "तरी थांबायचं. पायाखाली काय येतंय ते थांबल्याबगर दिसत न्हाई."

चांगलं वाक्य आहे. पण त्यांना कुणी हुकूम दिलेला नाही. स्वतःहून थांबलेत.

१३ जुलै, मंगळवार

विहारात गेलो होतो. दुपारी तिथं सावली असते. भंते ओटा झाडत होते. मी विचारलं, "एका जागी करमतं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "बावीस वर्षं गाडीत उभा राहिलो. अजून झोपेत घंटी ओढतो. पहिला आठवडा तर असं वाटतं, भिंतच अंगावर येऊन राहिली."

मला वाटलं होतं ते काहीतरी मोठं सांगतील. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता?"

"डायरी लिहितो."

"काय लिहिता?"

"अन्याय झाला त्याबद्दल."

त्यांनी मान हलवली. "रोज लिहा. पण झालं तेवढंच लिहा. वाटलं ते नंतर."

२२ जुलै, गुरुवार

पाऊस नाही. चांगुणा रोज दहाच्या सुमारास घागर घेऊन जाते, दोन-अडीचला येते. पाय घोट्यापर्यंत मातीनं भरलेले. नळाला एवढा वेळ लागत नाही. बहुतेक रोजगार हमीवर खडी फोडायला जात असावी. मला लाज वाटेल म्हणून सांगत नसेल. मीही विचारत नाही. ग्रामसेवकाची बायको खडी फोडते हे ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

१ ऑगस्ट, रविवार

आज वाद झाला. करडईच्या तेलाची बाटली पंधरा दिवसांत संपली. माझं जुनं धोतरही सापडेना. म्हटलं, "दोन माणसांचं घर, तेल जातं कुठं?"

"जातंय कामाला," ती म्हणाली.

"आणि धोतर?"

"फाडलं. फडकी केली."

"मला न विचारता?"

ती चुलीपुढून उठून माझ्यासमोर आली. "तुमाला काय इचारायचं? मुख्यालय सोडू नये म्हणलंय सरकारनं. तुमी तर खुर्चीबी सोडंनात."

जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

आजपासून आमचा जिल्हा लातूर. उस्मानाबादेतून निघाला. गावभर पताका, पोरांची प्रभातफेरी, पंचायत समितीपुढं झेंडा. अकरा वर्षं झेंड्याची दोरी मी स्वतः बांधत आलो. आज दारात उभा राहून लांबून राष्ट्रगीत ऐकलं. मान ताठ ठेवली, कुणी बघत नव्हतं तरी.

दुपारी एक रंगारी शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहीत होता. हात लावून पाहिला, रंग ओला होता. बोटाला लागला. आभाळ भरून आलं आणि तसंच निघून गेलं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

भुजंग पेढे घेऊन आला. दार लोटून घेतलं.

"लिंबाजी, जिल्हा नवा झाला, तुझं नशीबबी नवं झालं. तुझी फाइल उस्मानाबादहून लातूरला आली. गठ्ठेच्या गठ्ठे ट्रकनं आले, कुणाचं पान कुणात गेलंय पत्ता न्हाई. तुझ्या फाइलीत उंबरवाडीचा दाखलाच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे तू दाखला दिलाच न्हाई. तू साहेबाला तोंडी कळवलं व्हतं की पायरी धोक्याची हाय. तेव्हाचा साहेब आता तिकडं जळगावकडं बदलीवर. कोण इचारायला जातंय? वाडीच्या लोकांनी दुरुस्ती केली न्हाई, त्यांची चूक. तू सुटलास."

मी पेढा खाल्ला. खूप दिवसांनी काहीतरी गोड लागलं. पान आपोआप गेलं की भुजंगनं काढलं, हे विचारायचं राहिलं.

२० ऑगस्ट, शुक्रवार

चांगुणाला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती पीठ मळत होती, मळतच राहिली. "मग वाडीवाल्यांची चूक म्हणायची?" एवढंच म्हणाली.

सुटका समोर दिसते आहे. तरी झोप का येत नाही ते कळत नाही. उकाडा असेल.

२९ ऑगस्ट, रविवार

चांगुणा तीन दिवस तापानं पडली आहे. पाणी मीच आणतो. रांगेत बायका बाजूला सरून मला पुढं जाऊ देतात, त्याचं फार वाईट वाटतं.

आज दुपारी दारात एक म्हातारी उभी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अनवाणी. हातात आमचीच घागर. मी ओळखली, काठाला चेप आहे.

"चांगुणा कुठं हाय? तीन दिस आली न्हाई."

"ताप आहे. आपण कोण?"

"मी उंबरवाडीची गुरम्मा. हिरीत पडली त्या महानंदाची सासू." माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का त्यो गिरामशेवक?"

मी दारातून बाजूला झालो. ती आत जाऊन चांगुणाच्या उशाशी बसली, कपाळाला हात लावला. मग मला म्हणाली, "पाणी दे की. दीड कोस चालून आलेय." मी तांब्या दिला. तिनं तोंडाला लावून पाणी पिलं. दोघी काहीतरी हळू बोलत राहिल्या आणि मी माझ्याच घरात दारापाशी उभा होतो.

३० ऑगस्ट, सोमवार

ताप उतरला. चांगुणानं सगळं सांगितलं. खडी फोडायला ती एक दिवसही गेलेली नाही. जून महिन्यापासून रोज उंबरवाडीला जाते. वाटेतल्या एका मळ्यातून घागर भरून नेते. महानंदाचा नवरा कारखान्यावर कामाला गेलाय, घरात या दोघीच. तेल, फडकी सगळं तिकडंच गेलं.

"पहिल्या दिशी म्हातारीनं माझं पाणी वतून दिलं. असल्या दुष्काळात! दुसऱ्या दिशीबी. तिसऱ्या दिशी ठिऊन घेतलं, पण माझ्याम्होरं पिली न्हाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई, ती बाई कशी हाय म्हणून. एकदाबी."

खरं आहे. डायरी मागं उलटून पाहिली. 'एक बाई' लिहिलंय. 'पायाला दुखापत' लिहिलंय. उजवा पाय गुडघ्याखालून कापलाय हे मला जूनपासून माहीत होतं.

मग ती म्हणाली, "महानंदा म्हणती, तिनं तुमाला चैतातच सांगितलं व्हतं. सातवी पायरी हलती म्हणून."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

७ सप्टेंबर, मंगळवार

आठवतं.

एप्रिलातला बाजाराचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मी सह्या करत होतो. डोक्यावर पाटी घेऊन एक बाई उभी राहिली. म्हणाली, "सायेब, हिरीची सातवी पायरी हलती. एखांदी जाईल." मी मान वर न करता 'बघू' म्हणालो. ती थोडा वेळ उभी राहून गेली.

मेमध्ये नऊ दाखले मी औशाच्या स्टँडवरच्या हॉटेलात बसून भरले. दोन कप चहा झाला. उंबरवाडीचा चौथा. 'समक्ष पाहणी केली. पायऱ्या सुस्थितीत.' लिहिताना ती बाई आठवली होती. पेन थांबलं होतं. मग लिहिलं. पेन थांबलं होतं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

हे पान लिहायला सकाळपासून दुपार झाली. भंतेंना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं, डायरी मिटून परत दिली. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मला काय इचारता? मी ओट्याच्या खाली उतरू शकत न्हाई," ते म्हणाले. "तुम्हाला पाय आहेत."

ते सहज म्हणाले असतील. पण घरापर्यंत मी माझेच पाय बघत आलो.

११ सप्टेंबर, शनिवार

चौकशीची नोटीस आली. २१ तारखेला लातूर, सकाळी अकरा. मुख्यालय सोडायला परवानगी एक दिवसाची.

भुजंग शिकवून गेला. "एकच वाक्य धर. तोंडी कळवलं व्हतं. पुढं काय बी इचारलं तर तेच."

"आणि वाडीवाले?"

"त्यांना कोण फाशी देतंय? तुझी नोकरी जाईल, लेका. लेक शाळंत हाय ना बिलोलीला? कशावर शिकवशील?"

तो वाईट माणूस नाही. माझ्यासाठीच करतोय. त्यामुळंच दोन्हीकडून दोरी आवळल्यासारखं होतं. खरं बोललो तर नोकरी जाते, खोटं बोललो तर हीच खोली जन्मभर बरोबर येणार. चांगुणाला विचारलं, काय करू? म्हणाली, "मी सांगून तुमी केलं तर ते माझंच व्हईल."

२१ सप्टेंबर, मंगळवार

पहाटेच्या एस. टी.नं लातूर. तीन महिन्यांनी औशाबाहेर पडलो. रानं उघडी पडलेली, ज्वारी वितीवरच वाळून गेलेली. गाडीत सगळे नव्या जिल्ह्याबद्दल बोलत होते. कुठं कचेरी होणार, कुठं दवाखाना.

कचेरी एका भाड्याच्या इमारतीत. जिन्यावर कपड्यात बांधलेले गठ्ठे रचलेले, त्यातून वाट काढत वर गेलो. चौकशी अधिकारी वयानं माझ्याहून लहान. फाइल उघडून म्हणाले, "उंबरवाडीचा दाखला दिसत नाही. दिला होता का?"

भुजंगचं वाक्य तोंडात तयार होतं. सांगतो, अगदी जिभेवर होतं. मी म्हणालो, "पाणी मिळेल का?"

शिपायानं अर्धा ग्लास दिला, म्हणाला, तेवढंच आहे. ते पिताना गुरम्मा आठवली. दोन दिवस ओतून दिलेलं पाणी आठवलं.

"दिला होता," मी म्हणालो. "खोटा दिला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सोनकांबळे, कळतंय ना काय बोलताय? कागद नाहीये."

"कागद नाही. पण मी आहे ना, साहेब."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. चैतातलंही, पेन थांबल्याचंही. मी स्वतःच्या हातानं जबाब लिहून दिला, त्याची एक नक्कल मागून घेतली. बाहेर आलो. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटत होती. स्टँडवर तीन गाड्या सोडल्या.

२५ सप्टेंबर, शनिवार

भुजंग रस्त्यात भेटला, न बोलता गेला. त्याला 'पान कुठं गेलं' म्हणून नोटीस निघाली आहे. मी जबाबात त्याचं नाव घेतलेलं नाही. त्याला ते खरं वाटणार नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

यंदा अधिक आश्विन. लोकांचा वाद, वर्षावास आज संपतो की पुढच्या पौर्णिमेला? भंते म्हणाले, तीन महिने म्हणजे तीन महिने. खीर झाली. चार वाजता त्यांनी झोळी उचलली न् बिलोलीकडच्या गाडीत बसले. माझ्या आईला भेटतो म्हणाले.

गाडी गेल्यावर मी बराच वेळ फाट्यावर उभा राहिलो. त्यांचा हेवा वाटला. लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.

११ ऑक्टोबर, सोमवार

हुकूम आला. नोकरी गेली नाही. दोन वेतनवाढी कायमच्या बंद, सेवापुस्तकात नोंद, बदली उदगीर तालुक्यात. अठरा तारखेला हजर व्हायचं. उंबरवाडीची विहीर रोजगार हमीत दुरुस्तीला घेतली आहे, तोवर वाडीला टँकर.

चांगुणा सामान बांधायला लागली. मी म्हणालो, "उद्या तुझ्याबरोबर येतो." तिनं मान वर करून पाहिलं. कुठं, म्हणून विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

दीड कोस. घागर मी घेतली होती. चांगुणा पुढं चालत होती, तिला वाटेतला एकेक दगड माहीत.

महानंदा अंगणात बाजेवर बसून डाळ निवडत होती. तिशीची असेल. ओट्यावर मी मान वर केली नव्हती, त्यामुळं तिचा चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला. कुबडी भिंतीला टेकवलेली. गुरम्मानं घोंगडी टाकली. मी बसलो नाही.

बरंच काही ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, "मी लिंबाजी."

"ठावं हाय."

"मी चुकलो, बाई."

"ते बी ठावं हाय." ती डाळ निवडतच होती. "चांगुणा म्हणती, तू कागदावर लिहून दिलंस म्हणं. आणलायस का?"

नक्कल खिशात होती. काढली.

"वाच. मला वाचाया येत न्हाई."

उभ्यानंच वाचली.  चैताची गोष्ट आली तेव्हा तिचे हात थांबले. 'पेन थांबलं होतं' इथं गुरम्मानं पदर तोंडाला लावला. शेवटपर्यंत वाचून कागद घडी करत होतो तर महानंदा म्हणाली, "आजून एकदा."

पुन्हा वाचली.

 माफ केलं, असं ती म्हणाली नाही, मी माफी मागितलीही नाही. बाहेर टँकर आला. हॉर्न वाजला, घागरींचा आवाज झाला, सगळी वाडी तिकडं पळाली. तिनं कुबडी ओढून घेतली, उठली, दारापर्यंत गेली. तिथून मला म्हणाली, "चार म्हैने हितं समदे म्हणलालेत, महानंदा बघून चालली न्हाई म्हणून पडली. जा. त्या टँकरपाशी हुबा राहा न् समद्यांना वाचून दाखव. मोठ्यांदा वाच."

मी चांगुणाकडं पाहिलं. तिनं माझ्या हातातली घागर काढून घेतली.

साठ-सत्तर माणसं होती. बाया, म्हातारे, पोरं. टँकरवाल्यानं मला चाकाजवळच्या दगडावर चढायला जागा दिली. कुणीतरी ओरडलं, "ह्योच त्यो!" नळीतून पाणी पडत होतं, म्हणून आवाज चढवावा लागला. मागं वळून पाहिलं, महानंदा दारात उभी होती.

मी वाचलं, "लिहून देतो की, मी, लिंबाजी मारोती सोनकांबळे, ग्रामसेवक. उंबरवाडीची विहीर मी पाहिली नव्हती. पायरी हलते हे महानंदाबाईंनी मला आधी सांगितलं होतं."

टँकरवाल्यानं नळी बंद केली. म्हणाला, "पुन्यांदा सांगा, मागं ऐकू आलं न्हाई."